मदत हवी आहे: विमानकंपनीने बॅग हरवली आणि आता भरपाई किलोवर देतायत

अबोली, ३० जानेवारी

लांबण लागेल, सांभाळून घ्या. बाळ अकरा दिवसांचं आहे, त्यामुळे तीन बैठकांत तुकड्यातुकड्याने लिहितेय.

आईबाबा माझ्या बाळंतपणासाठी पुण्याहून बॉस्टनला आले. मुंबईहून निघाले, मध्ये युरोपात विमान बदललं. तिकीट एकच, येण्याजाण्याचं, पण दुसरं विमान वेगळ्या कंपनीचं होतं. मुंबईत चार बॅगा दिल्या. ४ जानेवारीला इथे पट्ट्यावर तीन आल्या.

आलेल्या तिघींत डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट, बाळंतशोपा, गोडा मसाला सगळं व्यवस्थित. जी आली नाही तिच्यात आईच्या पाच साड्या (एक पैठणी, बारशाला नेसायची म्हणून), दोघांचे लोकरीचे कपडे, तुळशीबागेतून घेतलेलं पितळी पुरणयंत्र आणि आख्खा बाळंतविडा: झबली-टोपडी, दुपटी, चांदीचे वाळे, वाटी-चमचा. आणि कुंची. माझ्या पणजीच्या नारायणपेठी लुगड्याचा काठ लावून आईने हाताने शिवलेली. उद्या बारसं आहे.

विमानतळावरच नवऱ्याने आणि बाबांनी तक्रार नोंदवली, दहा अक्षर-आकड्यांचा नंबर मिळाला. काउंटरवरच्या बाईंनी वर्णन लिहिलं: काळी, मोठी, चाकांची. मग तीन आठवडे फोन. पहिली कंपनी म्हणते, बॅग आम्ही पुढच्यांना दिली. दुसरी म्हणते, आमच्यापर्यंत पोचलीच नाही, तिकीट ज्यांनी विकलं त्यांना विचारा. बाहेर उणे नऊ तापमान आणि बाबांच्या अंगात एक हाफ स्वेटर, म्हणून दोन कोट, थर्मल, बूट असे २१४ डॉलरचे कपडे घेतले. पावत्या आहेत.

परवा ईमेल आली. बॅग सापडत नाही, दिलगीर आहोत, २३ किलो गुणिले २० डॉलर म्हणजे ४६० डॉलर देतो, सोबतच्या फॉर्मवर सही करून १४ दिवसांत पाठवा. फॉर्मवर 'यापुढे कोणताही दावा उरणार नाही' असं वाक्य आहे. चांदी आमच्या नियमात बसत नाही. शिवाय चारही टॅग बाबांच्या बोर्डिंग पासला चिकटवलेले, तर म्हणे बॅग त्यांची, त्यात 'स्त्रियांचे कपडे' कसे?

आमची यादी एक लाख बत्तीस हजारांपर्यंत जाते. निम्म्या गोष्टींच्या पावत्या नाहीत. पंधरा वर्षांपूर्वीच्या साडीची पावती कोण ठेवतं? सही करावी का? बाबा म्हणतात, मिळतंय ते घे आणि डोक्याचा ताप संपव. आई काहीच म्हणत नाही, ते जास्त लागतंय.

---

घाटावरचा

आधी अभिनंदन! आणि सही अजिबात करू नका.

किलोला २० डॉलर हा १९२९ च्या वॉर्सा कराराच्या काळातला हिशेब. जुन्या कागदी तिकिटांच्या मागे बारीक टायपात छापलेला असायचा. भारत, अमेरिका, युरोपातले देश आता १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराखाली येतात (भारतात २००९ पासून लागू) आणि त्यात चेक-इन बॅगेला वजनाचा हिशेबच नाही. माणशी कमाल मर्यादा आहे: १५१९ एसडीआर. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, त्याचा भाव रोज बदलतो. साधारण २००० डॉलरच्या थोडं वर धरा.

कंपनीच्या साइटवर कदाचित ११३१ किंवा १२८८ लिहिलेलं असेल. ते जुने आकडे. २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ आहे. आमच्या वेळी हे लोक साइटवरचं जुनंच पान दाखवत बसले होते.

---

सरंजामे_वकील

वरच्यांशी सहमत, पण एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. १५१९ ही मर्यादा आहे, बक्षीस नाही. बॅग हरवली म्हणून आपोआप तेवढे मिळत नाहीत, नुकसान दाखवावं लागतं. युरोपियन न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्टच सांगितलंय.

आता तुमच्या मुद्द्यांकडे.

बॅग ज्या दिवशी यायला हवी होती त्यानंतर २१ दिवस उलटले की ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. तुमचे २१ दिवस २५ जानेवारीला भरले. त्यात कंपनीने स्वतःच 'सापडत नाही' लिहून दिलंय. ती ईमेल जपून ठेवा, फार कामाची आहे.

दोन कंपन्यांच्या टोलवाटोलवीत पडू नका. सामानाच्या बाबतीत प्रवासी पहिल्या कंपनीवर किंवा शेवटच्या कंपनीवर दावा करू शकतो. बॅग नेमकी कुणाच्या हातून गेली ते त्यांनी आपापसात बघावं. एकच पत्र दोघींना एकाच ईमेलमध्ये पाठवा, म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' राहत नाही.

टॅग बाबांच्या पासवर, वस्तू आईंच्या: यावर त्याच युरोपियन न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. बार्सिलोनाहून पॅरिसला गेलेलं चौघांचं कुटुंब, बॅगा दोन, दोन्ही गहाळ. न्यायालय म्हणालं, दुसऱ्याच्या नावाने दिलेल्या बॅगेत आपल्या वस्तू होत्या हे दाखवता आलं तर त्या प्रवाशालाही स्वतंत्र भरपाई मागता येते. आपल्याकडे हा निकाल बंधनकारक नाही, पण करार तोच आहे, म्हणून पत्रात जरूर घाला. याद्या दोन करा, आईंची वेगळी, बाबांची वेगळी.

कोट-बुटांचे २१४ डॉलर वेगळ्या शीर्षकाखाली मागा. फक्त एक, तोच लोकरी कोट हरवलेल्यात आणि घेतलेल्यात असा दोनदा धरू नका. ते पकडतात आणि मग बाकीच्या यादीवरही संशय घेतात.

चांदीबद्दल त्यांच्या अटी काहीही म्हणोत, करारात ठरलेली जबाबदारी कमी करणारी अट रद्दबातल असते असं करारातच लिहिलंय. यावर ते भांडतील. तरी मागा.

---

माजघर

पावत्यांचं सांगते, माझी बॅग गेली होती तेव्हा दोन रात्री हेच केलं. व्हॉट्सअ‍ॅप उघडा. पैठणी घेताना दुकानातून बहिणीला 'ही घेऊ की ती' असे फोटो गेले असणारच. लग्नाच्या अल्बममध्ये त्याच साड्या अंगावर दिसतील. यूपीआयचा इतिहास, बँकेचं स्टेटमेंट, सराफाला फोन. सराफ लोक जुनं बिल पुन्हा काढून देतात, त्यांच्या संगणकात असतं. जिथे काहीच नाही तिथे आज तशीच वस्तू कितीला मिळते त्याचा स्क्रीनशॉट आणि 'इतकी वर्षं वापरलेली' असं प्रामाणिकपणे लिहा. सगळ्या यादीला नवीन भाव लावलेला दिसला की ते सरसकट निम्मं कापतात.

आणि कुंचीचा फोटो आहे ना?

---

अबोली

आहे. आई शिवत असतानाचाच आहे, मांडीवर कुंची आणि दातात दोरा. हा पुरावा म्हणून चालेल असं डोक्यातच आलं नव्हतं.

पण तिची किंमत काय लिहू? कापड फुकट, शिलाई फुकट.

---

सरंजामे_वकील

हाताने शिवलेल्या तशा कुंचीला आज जो भाव पडेल तो लिहा. मानसिक त्रासाची रक्कम वेगळी मागता येते, पण तीही त्याच १५१९ च्या आत बसते, वरून मिळत नाही. हाही युरोपचाच निकाल, २०१० चा. विमानकंपनी पत्राला उत्तर म्हणून त्रासाचे पैसे देईल अशी आशा धरू नका. ते ग्राहक आयोगातलं काम.

---

पट्ट्यावरचा_माणूस

मी सहा वर्षं विमानतळावर सामान विभागात होतो, आता नाही. भरपाईचं हे लोक सांगतातच आहेत, मी बॅगेचं सांगतो.

'काळी, मोठी, चाकांची' अशा रोज शेकड्याने बॅगा असतात. टॅग फाटून पडला की बॅग अनाथ. मग ती उघडतात आणि आत काय आहे ते जगभरच्या शोधयंत्रणेत टाइप करतात. जुळणी होते ती आतल्या सामानावरून. आणि तुम्ही काय लिहिलं असणार? कपडे. सगळ्यांच्याच बॅगेत कपडे असतात!

नोंदीत आजच बदल करून घ्या. पुरणयंत्र लिहा. त्याला इंग्रजीत शब्द शोधत बसू नका, 'हाताने फिरवायचं पितळी यंत्र, चाळण्या तीन' असं लिहा आणि फोटो जोडा. बाळाचं चांदीचं सामान, नऊवारी काठाची टोपी. बॅगेच्या आतल्या अस्तराचा रंग आठवतोय का? कुलूप, रिबीन, कोपऱ्यावरचा ओरखडा? त्या बाई मराठी नसणार, त्यामुळे 'साडी' लिहून त्यांना काय कळेल याची खात्री नाही. 'सहा वार लांब रेशमी कापड, जरीचा काठ' लिहा.

हमी नाही देत. पण २१ दिवस हा कायद्याचा आकडा आहे, बॅगेला तो माहीत नसतो. त्यानंतरही सापडलेल्या बॅगा मी पाहिल्यात.

---

बोरीबंदर

जाता जाता. चेक-इनच्या वेळी जास्त किमतीची लेखी घोषणा करून, जादा पैसे भरून ही मर्यादा वाढवून घेता येते, हेही करारातच आहे. मी एकदा पेटीसाठी (वाजवायची, कपड्यांची नव्हे) विचारलं तर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला जणू मी विमान विकत मागतोय.

---

नागपुरी_संत्रं

माझी बॅग नागपूर-मुंबई विमानात गेली. मला पण हे दोन हजार डॉलर मिळतील काय?

---

घाटावरचा

नाही. देशांतर्गत प्रवासाला हा आकडा लागू नाही, तिथे माणशी २०,००० रुपये कमाल. पण मुंबईहून पुढे परदेशी जायचं एकच तिकीट असेल तर नागपूर-मुंबई हा तुकडाही आंतरराष्ट्रीय प्रवासातच धरतात. तिकीट बघा.

---

अबोली, २ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. बारसं झालं. आईने माझीच सुती साडी नेसली आणि बाळाला शेजारच्या गुजराती काकूंनी आणलेलं टोपडं घातलं.

दोन याद्या केल्या, ५८ फोटो जोडले. पुरणयंत्राचं वर्णन बाबांनी स्वतः टाइप केलं, एक तास लागला. समजा त्यांनी नाहीच ऐकलं तर? आईबाबा एप्रिलमध्ये परत जातील. केस इथे करायची की पुण्यात?

---

सरंजामे_वकील

पुण्यात. तुमचं तिकीट जाण्यायेण्याचं आहे, म्हणजे कराराच्या भाषेत अंतिम ठिकाण मुंबई, बॉस्टन नव्हे. त्यामुळे भारतात दावा टिकतो. एकेरी तिकीट असतं तर मला दहादा विचार करावा लागला असता. ग्राहक आयोग हे या कामासाठी 'न्यायालय' धरता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलंय. ते प्रकरण जुन्या वॉर्सा कराराखालचं, पण मुद्दा तोच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि मोबदला (म्हणजे तिकिटाला मोजलेले पैसे) पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर घरबसल्या दाखल होते.

मुदत बॅग यायच्या तारखेपासून दोन वर्षं. 'ईमेल चालू होत्या' हे कारण तिथे चालत नाही.

त्याआधी, विमान अमेरिकेत उतरलं असल्याने तिथल्या परिवहन खात्याच्या साइटवर तक्रार टाका. फुकट आहे. कंपनीला ६० दिवसांत ठोस उत्तर द्यावं लागतं. आणि आईबाबांचा प्रवासविमा काढला होता का? सामानाचं कलम वाचा. फक्त एकाच वस्तूचे पैसे दोन्हीकडून घेऊ नका.

---

अबोली, ६ मार्च

अपडेट देते म्हणाले होते.

परिवहन खात्याकडे तक्रार टाकल्यावर नवव्या दिवशी कंपनीच्या एका खऱ्याखुऱ्या माणसाचा फोन आला. तोपर्यंत यंत्रच बोलत होतं. पहिला सुधारित आकडा ८९० डॉलर, चांदी वगळून. सराफाचं बिल आणि 'जबाबदारी कमी करणारी अट रद्दबातल' हे वाक्य परत पाठवलं. काल १,३१० आले, त्यात कोट-बुटांचे २१४ धरून, चांदी निम्म्या किमतीला. आईच्या साड्या मान्य, वेगळ्या यादीवर काहीही न बोलता.

यादीच्या मानाने कमीच आहेत. केस केली तर अजून मिळतील असं वकीलसाहेब म्हणतील आणि ते बरोबरच असेल. पण बाबा बहात्तर वर्षांचे आहेत, त्यांना तारखांना जायला लावायचं नाही, असं आम्ही ठरवलं. सही केली. फॉर्मवर फक्त एक ओळ हाताने घातली: बॅग सापडली तर आम्हाला कळवावं. त्यांनी ती मान्य केली.

बॅग सापडलेली नाही. बाबा रोज सकाळी चहा घेता घेता तो दहा अक्षर-आकड्यांचा नंबर टाकून बघतात.

आता नवीन अडचण. त्यांनी बाबांच्या नावाने डॉलरचा चेक पोस्टाने पाठवलाय. बाबांचं इथे खातं नाही आणि पुण्याच्या बँकेने सांगितलं की परदेशी चेक वटायला खूप वेळ आणि खर्च. काय करावं?

---

माजघर

वटवायला देऊच नका. चेकच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा आणि कंपनीला लिहा की हा रद्द करून बाबांच्या भारतातल्या खात्यात थेट पाठवा. खाते क्रमांक, बँकेचा स्विफ्ट कोड आणि पासपोर्टवर आहे तसंच नाव द्या. माझ्या वेळी नावात वडिलांचं नाव राहिलं म्हणून पैसे परत गेले होते, ते एवढं बघा.