जळगावात घर घेताय? लेकराबाळांसाठी कॉलनी निवडताना काय काय पाहायचं?

मेहरूणची_बोरं विचारतात:

आम्ही सहा जण. दोन मुलं (एक दुसरीत, एक बालवाडीत), सासू-सासरे आणि आम्ही दोघं. मिस्टरांची नोकरी एमआयडीसीत. पुढच्या उन्हाळ्याच्या आत घर घ्यायचं ठरतंय. सध्या तीन पर्याय डोळ्यासमोर आहेत:

१) गणेश कॉलनी भागात पंधरा-सोळा वर्षं जुना टू बीएचके, तिसरा म्हणजे सर्वात वरचा मजला, लिफ्ट नाही.
२) शहराच्या कडेला नव्या ले-आऊटमध्ये रो-हाऊस. बिल्डर म्हणतो सगळं क्लिअर आहे.
३) त्याच्याच पुढे मोकळा प्लॉट घेऊन स्वतः बांधणं.

जाहिरातीत सगळंच 'शाळा, दवाखाना, मंदिर पाच मिनिटांवर' असतं. प्रत्यक्षात काय तपासायचं? कागद, पाणी, जमीन, शेजार, ज्याला ज्यातलं कळतं त्याने सांगावं.

---

उतारा_फेरफार:

ताई, आधी कागद. टाइल्स कोणत्या लावल्यात ते नंतर पहा.

पहिला प्रश्न: जागा महापालिकेच्या हद्दीत आहे की बाहेर? पिंप्राळा, मेहरूण, निमखेडी ही शिवारं शहरात आली, पण कुसुंबा, मोहाडीसारख्या गावांच्या शिवारातले प्लॉटही 'जळगाव' म्हणूनच विकले जातात. तिथे ग्रामपंचायत असते. पाणी, गटार, पथदिवे, कचरागाडी सगळ्यांचा हिशोब वेगळा. ग्रामपंचायत वाईट असं नाही, पण महापालिकेची घरपट्टी भरणाऱ्या भागाचा भाव तिथे देऊ नका.

दुसरं, ले-आऊटची मंजुरी. तात्पुरती मंजुरी आणि अंतिम मंजुरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तात्पुरत्या रेखांकनानंतर जागेवर मोजणी होते, रस्ते-गटारी कराव्या लागतात, मगच अंतिम मंजुरी मिळते. बरेच जण तात्पुरत्या नकाशाची रंगीत झेरॉक्स दाखवून प्लॉट विकतात. अंतिम नकाशाची सही-शिक्क्याची प्रत मागा. नगररचना विभागातून झोन दाखला (जागा रहिवासी की शेतीची ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशाही काढा. आपल्या गटावरून (जमिनीच्या तुकड्यावरून) एखादा नियोजित रस्ता किंवा आरक्षण जातं का, ते त्यातच दिसतं. नदी-नाल्याच्या कडेची जागा असेल तर पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते तेही विचारा.

तिसरं, ओपन स्पेस. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. मुलं खेळतील ती हीच. नकाशात ती कुठे आहे ते पाहून जागेवर जा. कित्येक कॉलन्यांत तिथे कुणाचं तरी बांधकाम उभं राहिलेलं असतं, नाहीतर बिल्डर 'ही पुढच्या फेजची आहे' म्हणतो. जागेवर नसेल तर सरळ पुढची कॉलनी पहा.

सातबारा शासनाच्या महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. त्यात 'इतर हक्क' हा रकाना ओळ न ओळ वाचा: बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कूळ, वारसाची नोंद, प्रलंबित फेरफार. भोगवटादार वर्ग-२ लिहिलं असेल तर विक्रीला परवानगी लागते. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांचा तपास) घ्या, आणि तो वकील बिल्डरचा नको.

बॉन्डवर किंवा नोटरी करून प्लॉट घेऊ नका. मालकी फक्त नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच येते. गुंठेवारीचे (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले) प्लॉट स्वस्त दिसतात. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे नियमित करून घेता येतात, पण तुमचा होतो का आणि किती खर्चात ते विचारा, आणि विकणाऱ्याने आधी नियमित करून द्यावा. बँका अशा प्लॉटवर कर्ज द्यायला नाखूश असतात.

रो-हाऊससाठी रेरा (घरबांधणी प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा): जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी लागतेच. महारेराच्या साइटवर जाऊन नंबर स्वतः टाकून पहा. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बिल्डरने भरून द्यायचा असतो, हे बिल्डर सहसा आपणहून सांगत नाहीत.

खर्चात एक बचत: घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार.

---

काळी_माती:

कागद वरच्या भाऊंनी सांगितले, मी जमिनीबद्दल सांगतो, कारण आपल्याकडे घर फुटतं ते खालूनच.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, तेच घराखालीही होत असतं. म्हणून रो-हाऊस पाहायला एप्रिल-मे मध्ये जा. पावसाळ्यात भेगा मिटलेल्या असतात आणि दिवाळीत नवा रंग असतो. उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग दिसली आणि ती ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर पाया हलतोय. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक रेघांना घाबरू नका. आणखी दोन खुणा: कंपाऊंडची भिंत एका बाजूला कललेली, आणि पोर्चची फरशी घरापासून सुटून खाली गेलेली. या दोन्हींचा पाया उथळ असतो, म्हणून त्या आधी बोलतात.

प्लॉट घेणार असाल तर व्यवहाराआधी ६-७ फूट खड्डा खणून पहा. मुरूम किती खोलीवर लागतो त्यावर पायाचा खर्च ठरतो. चार फुटांवर मुरूम म्हणजे उत्तम. सात फुटांपर्यंत काळीच असेल तर मातीची तपासणी करा. फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती फुगते त्याचं माप) ५० टक्क्यांच्या वर आला तर साधे फूटिंग (खांबाखालचे काँक्रीटचे ठोकळे) टाकून भागणार नाही. मुरमापर्यंत खोल जावं लागेल, नाहीतर खाली फुगीर केलेले अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब). बांधताना हे तीन नियम सोडू नका:

• प्लिंथच्या (जोत्याच्या) आतली काळी माती काढून टाका. त्याच मातीने भरणी करतात, मग फरशी उचलते. मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुमसून भरा.
• घराभोवती किमान ३-४ फुटांची फरसबंदी, बाहेर उतार देऊन. पावळीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका.
• कडुनिंब, पिंपळ भिंतीपासून दूर. झाडाची जितकी उंची होणार, साधारण तितकं अंतर.

आणि शौचालयाची टाकी! भुयारी गटार जोडलेलं नसेल तर सेप्टिक टँकचं पाणी शोषखड्ड्यात सोडतात. चिकट काळ्या मातीत ते मुरतच नाही. पावसाळ्यात खड्डा भरून अंगणात वास. म्हणून गटार कॉलनीत 'आलंय' एवढ्यावर थांबू नका. घराची जोडणी झाली का आणि ते पुढे वाहतं का, हे शेजारच्या घरात विचारा. बोअर असेल तर शोषखड्ड्यापासून किमान ६० फूट लांब हवा.

---

कूलरची_ताटी:

पाण्याचा हिशोब कुणीच लिहिला नाही, मी लिहिते.

जळगावचं पाणी वाघूर धरणाचं, पण ते नळाला रोज येत नाही. कॉलनीत गेल्यावर 'पाणी येतं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. विचारा: किती दिवसांआड, किती वाजता, किती वेळ, आणि मोटर न लावता पहिल्या मजल्यावर चढतं का. नव्या ले-आऊटमध्ये पाइपलाइन टाकलेली असते, पण टाकी किंवा मुख्य जोडणी बाकी असते. तोवर टँकर.

माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरासाठी धरतात तो आकडा. तुम्ही सहा जण म्हणजे ८१०. उन्हाळ्यात दोन मोठे कूलर शंभरेक लिटर सहज पितात. म्हणजे रोजचे ९०० च्या वर. पाणी तीन दिवसांनी येत असेल तर २७०० लिटर लागतातच, आणि एक पाळी चुकली तर बोंब. जमिनीखाली ३ हजार, वर १ हजार लिटर अशी सोय हवी. फ्लॅटमध्ये सोसायटीची टाकी किती घरांना पुरते ते भागाकार करून पहा.

तिसऱ्या मजल्याबद्दल: सर्वात वरचा मजला खान्देशात नकोच, त्यातून सासू-सासरे असताना आणि लिफ्ट नसताना तर मुळीच नको. ४४-४५ अंशांत तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडतो. घ्यायचाच असेल तर गच्चीवर पांढरा कोट किंवा चायना मोझाइक (फुटक्या टाइल्सचे तुकडे) करायला सोसायटीची लेखी संमती आधी घ्या, आणि पश्चिमेच्या भिंतीवर बेडरूम नको. कूलर लावायला बाहेरच्या बाजूने हवा घेणारी खिडकी आणि समोरून हवा बाहेर जायला दुसरी खिडकी आहे का? नाहीतर कूलरने नुसती दमटी होते.

---

शाळेची_व्हॅन:

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, महामार्ग किती वेळा ओलांडावा लागतो ते मोजा. नागपूर-सुरत रस्ता शहराच्या मधोमध जातो. आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली इथे सकाळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि समांतर रस्त्यांसाठी गावाने किती आरडाओरडा केला तेही. घर, शाळा आणि शिकवणी रस्त्याच्या एकाच बाजूला असतील तर पाचवीपासून मूल सायकलवर जाऊ शकतं. नसतील तर दहावीपर्यंत तुम्हीच ड्रायव्हर.

पाहणी तीनदा करा. सकाळी पावणेसातला: कोणत्या शाळांच्या व्हॅन, रिक्षा कॉलनीत येतात ते दिसतं. जिथे दोन-तीन शाळांच्या गाड्या येत नाहीत तिथे लहान मुलांची घरं अजून कमी आहेत. रात्री साडेआठला: पथदिवे आणि मोकाट कुत्री. आणि लग्नसराईत एकदा, जवळ लॉन किंवा मंगल कार्यालय असेल तर. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि दहानंतर लाउडस्पीकर बंद, हे कागदावर. परीक्षा आणि लग्नं नेमकी एकाच वेळी येतात.

एमआयडीसीला जवळ राहायचा मोह टाळा. डाळ मिल, प्लास्टिक चटईचे कारखाने, ट्रकची वर्दळ. मिस्टरांना पंधरा मिनिटं जास्त लागू द्या.

---

देवपूरकर:

धुळ्याचा माणूस आहे, पण एक सांगतो. आमच्याकडे देवपूर, वलवाडी बाजूला जे झालं तेच सगळीकडे होतं: घरं आधी, गटार नंतर. कॉलनीत किमान निम्म्या प्लॉटवर माणसं राहायला आलेली असतील तरच घ्या. रिकामे प्लॉट म्हणजे काटेरी झुडपं, साप, कचरा आणि नगरसेवकाचं दुर्लक्ष. मतं नाहीत तिथे डांबर नाही ना भो.

---

मेहरूणची_बोरं:

सगळ्यांचे आभार. फ्लॅट बाद केला. रो-हाऊसवाल्याकडून कागद आणले: ले-आऊटची मंजुरी तात्पुरती आहे आणि सातबाऱ्यावर विकास सोसायटीचा (शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या संस्थेचा) बोजा दिसतोय. तो म्हणतो महिनाभरात दोन्ही होईल, आत्ता दोन लाख इसार द्या. काय करू?

---

उतारा_फेरफार:

बोजा ही मोठी गोष्ट नाही. शेतकऱ्याने पीककर्ज फेडलं की सोसायटीचा बेबाकी दाखला मिळतो, तो तलाठ्याकडे दिला की फेरफाराने बोजा कमी होतो. पण दाखला आणि बोजा उतरलेला सातबारा दोन्ही हातात पडल्याशिवाय पुढे जाऊ नका. नुसता दाखला दाखवून 'नोंद होईल' म्हणणारे फार.

तात्पुरती मंजुरी ही खरी अडचण. अंतिम मंजुरी 'महिनाभरात' मिळणार असेल तर रस्ते, गटारी, विजेचे खांब आज जागेवर दिसायला हवेत. जाऊन पहा. नुसती खडी पसरलेली असेल तर महिना नाही, वर्ष धरा.

दोन लाख देऊ नका. द्यायचेच तर २१ हजार, चेकने, आणि इसार पावतीत हे लिहून घ्या: गट नंबर, प्लॉट नंबर, चारी दिशांच्या चतुःसीमा, अंतिम मंजुरी आणि बोजाविरहित सातबारा अमुक तारखेपर्यंत, न झाल्यास १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत. तो 'इतक्या छोट्या रकमेला पावती कशाला' म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. रेरा नंबर दिला का त्याने? दिला असेल तर साइटवर टाकलेला ले-आऊट आणि तुमच्या हातातला नकाशा शेजारी ठेवून ओपन स्पेसची जागा जुळते का, एवढं आज रात्रीच पहा.