गोष्टीतली मोठी माणसं कुठे आहेत?

मुलांसाठी कादंबरी लिहायच्या आधी गाजलेली बालपुस्तकं पुन्हा वाचा, हा सल्ला मला मनापासून पटतो. एकच जोड देते: एका वेळी एकच प्रश्न धरून वाचा. माझा प्रश्न असतो, मोठी माणसं कुठे आहेत?

भा. रा. भागवतांनी फुरसुंगी गावच्या बनेश फेणेला, म्हणजे आपल्या 'फास्टर फेणे'ला, पुण्यात विद्याभवन शाळेच्या वसतिगृहात ठेवलं आणि सायकल दिली. आईबाबा लांब, म्हणजे संकटात पडायचं त्यानेच आणि निस्तरायचंही त्यानेच. किती सहज केलीय ही सोय!

'श्यामची आई' अगदी उलट. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तकात मोठेपणीचा श्याम आश्रमातल्या मित्रांना आठवणी सांगतो, त्यामुळे प्रत्येक प्रसंगावर मोठ्या माणसाची नजर आहे. तरी ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून छोटा श्याम हट्ट धरतो आणि आई धोंड्यावर लुगड्याचा ओचा पसरते, तो प्रसंग बघा. आधी ओचा, मग पायांसारखं मनही स्वच्छ राखायचं सांगणं. म्हणून उपदेश टोचत नाही.

आज तर मुलाच्या खिशात मोबाईल असतो, आई एका फोनवर हजर. तुमच्या गोष्टीतलं मूल एकटं कधी आणि कुठे सापडणार, हे ठरलंय का?