मदत हवी आहे: मुलीच्या शाळेच्या समितीवर जायचे आहे, सुरुवात कुठून करू? (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

लिहिणे जरा लांबले आहे, पण सगळे सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून इथे आलो. नवरा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-फोर वर, कामाचा परवाना अजून नाही. मुलगी पाचवीत आहे. शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म होता, मी मराठी लिहिले. त्यावरून तिची एल्पॅक ही इंग्रजीची परीक्षा झाली आणि ती 'इंग्लिश लर्नर' ठरली. त्याबद्दल काही म्हणणे नाही. आली तेव्हा वर्गातले निम्मे बोलणे तिच्या डोक्यावरून जायचे, आणि इंग्रजीच्या जादा तासाचा तिला खरेच फायदा झाला.

पण मार्चमध्ये एक दिवस ती घरी येऊन म्हणाली, "आई, सगळ्यांनी ज्वालामुखी केला, मी नव्हते." खोदून विचारले तेव्हा कळले की मंगळवारी आणि गुरुवारी विज्ञानाचा तास असतो आणि नेमके त्याच वेळी हिला इंग्रजीसाठी दुसऱ्या खोलीत नेतात. बाई म्हणाल्या, वेळापत्रक माझ्या हातात नाही. ऑफिसने सांगितले, ईलॅकच्या, म्हणजे इंग्लिश लर्नर मुलांच्या पालकांच्या सल्लागार समितीच्या, बैठकीत मांडा. मी गेले. आम्ही चार पालक होतो. सगळ्यांनी ऐकून घेतले, छान बोलले, आणि मे महिना संपला तरी तास तिथेच होता.

माझी थोरली बहीण दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, म्हणून ती त्यात आली. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हते, ते तिने आणून दाखवले. तिला फोनवर हे सगळे सांगितले तर तिने एकच विचारले: "तुमच्याकडे ठराव कोण लिहितं गं? वहीत आलं का?" मला उत्तर देता आले नाही.

आता पुढच्या वर्षासाठी ईमेल आले आहे. शाळेत स्कूल साइट कौन्सिल आणि ईलॅक, डिस्ट्रिक्टला (म्हणजे भागातल्या सगळ्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला) एलकॅप या पैशाच्या योजनेची पालक सल्लागार समिती आणि बाँडवर, म्हणजे शाळांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांवर, देखरेख करणारी समिती, अशा चार ठिकाणी जागा आहेत. महिनाअखेर मुदत आहे. मला कळत नाही की यातली कोणती समिती खरोखर काही ठरवते. एच-फोर वर असताना बसता येते का? आणि माझे इंग्रजी बाजारहाटापुरते ठीक आहे, बैठकीत मात्र शब्द वेळेवर सुचत नाहीत. अशा माणसाने जावे का? ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

कडुनिंब:

ताई, जरूर जा. व्हिसाची काळजी करू नका. या समित्या बिनपगारी आहेत, त्यांच्यासाठी नागरिकत्व लागत नाही. नागरिकत्व लागते ते स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला, कारण तिथला उमेदवार नोंदणीकृत मतदार असावा लागतो. मी ग्रीन कार्डाच्या रांगेत असतानाच दोन वर्षे साइट कौन्सिलवर होतो.

कोण ठरवते म्हणाल तर शाळेच्या पातळीवर साइट कौन्सिल. प्राथमिक शाळेत साधारण दहा जण असतात. पाच शाळेकडचे: मुख्याध्यापक, शिक्षक, इतर कर्मचारी. पाच पालक किंवा परिसरातले रहिवासी, आणि त्यांना पालकच मतदानाने निवडतात. वर्षाचा शाळेचा आराखडा असतो, त्यात कोणत्या मुलांसाठी काय करणार आणि त्याला किती पैसे, हे लिहिलेले असते. त्यावर ही समिती मत देते आणि मग तो डिस्ट्रिक्टच्या बोर्डाकडे जातो. म्हणजे तुमचे मत नुसते ऐकून घेण्यापुरते नाही, ते मोजले जाते.

पहिले तीन महिने मला काही कळत नव्हते. आराखडा चाळीस पानांचा, निम्मे शब्द आद्याक्षरे. मी एक वही केली, प्रत्येक आद्याक्षराचा अर्थ लिहीत गेलो, आणि बैठकीत निःसंकोच विचारत गेलो. नंतर दोन इथल्याच जन्मलेल्या आयांनी सांगितले की त्यांनाही ते शब्द येत नव्हते, विचारायची लाज वाटत होती.

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर: इथेही ठराव लिहितात, त्याला मिनिट्स म्हणतात. पण त्याआधीची पायरी जास्त महत्त्वाची आहे. बैठकीच्या ७२ तास आधी विषयपत्रिका लावावी लागते आणि जो विषय पत्रिकेत नाही त्यावर निर्णय घेता येत नाही. तुम्ही मार्चमध्ये बोललात तेव्हा तुमचा विषय पत्रिकेत होता का?

धागाकर्ती:

नव्हता! शेवटी 'आणखी कोणाला काही बोलायचे आहे का' असे विचारले तेव्हा मी हात वर केला होता.

कडुनिंब:

मग तिथेच गाडी अडली. पुढच्या वेळी आठवडाभर आधी अध्यक्षांना आणि मुख्याध्यापकांना ईमेल करून विषय पत्रिकेत घालायला सांगा.

सांजवेळ:

मी ईलॅकवर तीन वर्षे आणि त्यातले एक वर्ष डीलॅकवर, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या पातळीवरच्या तशाच समितीवर, होते, म्हणून लिहिते. ज्या शाळेत २१ किंवा जास्त इंग्लिश लर्नर मुले आहेत तिथे ईलॅक असावीच लागते. डिस्ट्रिक्टमध्ये अशी ५१ मुले झाली की डीलॅक. त्या मुलांचे पालकच सभासद निवडतात. शाळेत जितके टक्के इंग्लिश लर्नर, निदान तितके टक्के त्यांचे पालक समितीत हवेत. प्रत्येक ईलॅक आपल्यातला एक जण डीलॅकवर पाठवते.

ईलॅक सल्ला देते, मत देत नाही, हे खरे. पण शाळेच्या आराखड्यात इंग्लिश लर्नर मुलांसाठी काय असावे हे सांगायचे काम तिचेच. म्हणून माझा अनुभव असा की एकाच आईने ईलॅक आणि साइट कौन्सिल दोन्हीकडे असावे. इकडे जे बोललो ते तिकडे मताला येते तेव्हा टेबलावर कोणीतरी आठवण द्यायला लागते.

तुमच्या मूळ तक्रारीबद्दल: इंग्रजीचा ठरलेला तास शाळेच्या वेळातच द्यावा लागतो, ते बरोबरच आहे. पण त्यापायी मुलांना विज्ञान किंवा गणितापासून तोडायचे नसते. या सगळ्याचे मूळ आपल्या शेजारीच आहे. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हते आणि शाळा त्यांना त्यासाठी कोणतीही मदत देत नव्हती. पालक कोर्टात गेले, आणि १९७४ मध्ये 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान शिक्षण झाले असे नाही. तो निकाल १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर उभा आहे. त्याच कायद्यामुळे तुम्ही दुभाषा मागू शकता. मराठीचा माणूस शोधायला वेळ लागतो, म्हणून आठवडाभर आधी लेखी मागा. मी पहिल्या बैठकीला मागितला होता, फोनवरून दिला त्यांनी. दुसऱ्या बैठकीपासून लागला नाही.

आणि एक. मुलगी 'इंग्लिश लर्नर'मधून बाहेर कधी येणार, यासाठी चार निकष आहेत. एल्पॅकचा निकाल, शिक्षकांचे मत, इतर मुलांशी मूलभूत कौशल्यांची तुलना, आणि चौथा तुमचे, पालकांचे, मत. तो चौथा रकाना कोरा सोडू नका. मी पहिल्या वर्षी सोडला होता, माहीतच नव्हते.

उंबरठा:

माझी मुले कॉलेज संपवून नोकरीला लागली, तरी धागा वाचून राहवले नाही. मी बाँडवर देखरेख करणाऱ्या समितीवर आहे. २००० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन ३९ या प्रस्तावानंतर ५५ टक्के मतांनी शाळांसाठी कर्जरोखे काढता येतात, आणि त्या बदल्यात अशी समिती नेमावीच लागते. निदान सात जण. त्यात एक व्यापारी संघटनेतला, एक ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला, एक करदात्यांच्या संघटनेतला, एक शाळेतल्या मुलाचा पालक, एक पालक शिक्षक संघासारख्या ठिकाणी सक्रिय असलेला पालक. डिस्ट्रिक्टचे कर्मचारी, कंत्राटदार, सल्लागार यांना बंदी. मी ज्येष्ठांच्या जागेवर आहे. मराठी मंडळातल्या आजी-आजोबांना मी नेहमी सांगतो की इथे नुसत्या पालकांचे काम नाही, घराचा कर आपणही भरतो.

आम्ही पैसे कुठे गेले ते बघतो. मतदारांना छप्पर आणि प्रयोगशाळा सांगितली असेल तर पगारावर खर्च होऊन चालत नाही. काम चांगले आहे, पण धागाकर्तीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. या वर्षी तो फॉर्म राहू द्या.

नवीन लोकांना एक सावधगिरी: आमच्यासारख्या समित्यांना १९५३ चा ब्राऊन अ‍ॅक्ट, म्हणजे उघड बैठकांचा कायदा, लागू होतो. बहुसंख्य सभासदांनी बैठकीबाहेर समितीच्या कामाची चर्चा करायची नाही, एकापाठोपाठ एक ईमेल करूनसुद्धा नाही. आपल्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायची सवय आहे. काढू नका.

पैलतीर:

शिकागोहून लिहिते आहे. राज्य बदलले की नावे आणि अधिकार दोन्ही बदलतात. आमच्या शहरात १९८८ च्या कायद्याने लोकल स्कूल कौन्सिल आल्या. सहा पालक, दोन रहिवासी, शिवाय शिक्षक वगैरे. ही समिती मुख्याध्यापकाची निवड करते! मतदानाला आणि उभे राहायला नागरिकत्व लागत नाही. इथे वाचणाऱ्या शिकागोकरांनी जरूर विचार करा.

सांजवेळ:

एलकॅपच्या समितीबद्दल कोणीच लिहिले नाही. २०१३ पासून राज्याचा पैसा नव्या सूत्राने येतो. इंग्लिश लर्नर, कमी उत्पन्नाच्या घरातली आणि फॉस्टर केअरमधली मुले, यांच्यासाठी मूळ रकमेच्या २० टक्के जादा. तो कसा वापरणार याची तीन वर्षांची योजना म्हणजे एलकॅप. पालक सल्लागार समितीने मसुद्यावर जे लिहिले त्याला सुपरिंटेंडेंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाने, लेखी उत्तर द्यावे लागते. ताईंच्या बहिणीला हे आवडेल. मात्र ही समिती पूर्ण डिस्ट्रिक्टची आहे, एका शाळेचे वेळापत्रक तिथे कोणी उघडणार नाही. मी तिथे दुसऱ्या वर्षी गेले असते.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तरे परत परत वाचली.

ईलॅक आणि साइट कौन्सिल असे दोन फॉर्म भरले. साइट कौन्सिलला मतदान ऑगस्टमध्ये आहे. उमेदवाराने स्वतःबद्दल शंभर शब्द द्यायचे आहेत, ते लिहिते आहे.

काल बहिणीला फोन करून विषयपत्रिका, ७२ तास, मिनिट्स, सगळे सांगितले. ती म्हणाली, मग नुसतं 'तास बुडतो' म्हणून नको, किती बुडाले ते आकड्यात लिही. मुलीची डायरी काढून मोजले. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत विज्ञानाचे २२ तास गेले. वर्गातली आणखी तीन मुले तिच्याबरोबर जातात. एक व्हिएतनामी, दोन मेक्सिकन घरातली. त्यांच्या आयांशी शाळेच्या फाटकाशी बोलले, भाषेची अडचण होती, मुलांनीच मध्ये पडून सांगितले. तिघींनाही विज्ञानाचे माहीत नव्हते. तिघी बैठकीला येणार आहेत.

शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या ईलॅकसाठी विषय पाठवायचा आहे. इंग्रजीत चार ओळी केल्या आहेत, पण त्या तक्रारीसारख्या वाटतात. मला मागणी लिहायची आहे: इंग्रजीचा तास विज्ञान सोडून दुसऱ्या वेळी ठेवावा, आणि नवे वेळापत्रक ठरण्याआधी ते ईलॅकपुढे यावे. कोणी नजर टाकाल का?

सांजवेळ:

व्यनि (खाजगी निरोप) करा. आज मुले झोपल्यावर बघते. आणि २२ हा आकडा पहिल्या ओळीत घ्या.