जुनी बाईक गरम झाली की बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालू. घरीच शोधायचंय, सुरुवात कुठून करू?

किकवाली

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय कारण थोडक्यात विचारलं की सगळे आधी कार्बुरेटर साफ करा म्हणतात आणि ते काम झालंय. गाडी सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक, एअरकूल्ड, ओव्हरहेड कॅम, पॉइंटवाली (ठिणगीसाठी करंट तोडणारे छोटे संपर्क असलेली), फक्त किकवर चालू होणारी. बाबांची आहे, बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, आता मी तिला रस्त्यावर आणतेय.

टाकी आतून धुतली, पेट्रोल कॉकची जाळी साफ केली, पेट्रोल पाइप नवीन टाकला, कार्बुरेटर पूर्ण खोलून दोन्ही जेट साफ केले, फ्लोटची सुई नवीन. ऑइल बदललं, प्लग नवीन, गॅप ०.६ मिमी.

थंड असताना एक-दोन किकमध्ये चालू होते, आयडलिंग अगदी गोड. पंधरा-वीस मिनिटं चालवली की आयडल हळूहळू खाली यायला लागतं, रेस देत राहिलं तर चालते, पण थांबून थ्रॉटल सोडला की बंद. मग कितीही किक मारा, दाद देत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा पहिल्यासारखी चालू!

ओळखीतल्या एकाने कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) बदल सांगितलं, दुसऱ्याने कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा), तिसरा म्हणतो सरळ नवीन कार्बुरेटर बसव. मला असे एकामागून एक पार्ट बदलत जायचं नाहीये, नक्की काय बिघडलंय ते कळायला हवं. माझ्याकडे पाने, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती), मल्टीमीटर एवढं आहे.

पॉइंट_कंडेन्सर

तुमचा विचार बरोबर आहे, अजिबात काही विकत घेऊ नका. अशा फॉल्टची खरी अडचण काय असते की आपण घरी येतो, चहापाणी करतो आणि गाडी थंड झाल्यावर तपासायला बसतो, तेव्हा सगळंच बरोबर दिसतं. जे काही बघायचं ते गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत बघा. तेव्हा एक जादा प्लग आणि प्लगपाना खिशात ठेवूनच निघा, घराच्या आसपासच फेऱ्या मारा.

बंद पडली की प्लगची कॅप काढा, खिशातला प्लग तिच्यात घाला, प्लगची लोखंडी बाजू हेडच्या फिन्सना नीट टेकवा आणि किक मारा. इंजिनातला प्लग बसलेलाच राहू दे, तो काढलात तर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी, भडका उडू शकतो. ठिणगी निळसर, कडक, टिक-टिक आवाज करणारी असेल तर करंट ठीक. पिवळट, बारीक, मध्येच येते मध्येच जाते, तर कॉइल किंवा कंडेन्सर. कॉइलमधली बारीक तार आतून तुटत आलेली असली की गरम झाल्यावर टोकं लांब होतात आणि करंट जातो, थंड झाल्यावर परत जुळतात, म्हणून सगळे कॉइलचं नाव घेतात, त्यात चूक नाही पण तपासल्याशिवाय बदलू नये एवढंच. कंडेन्सर गेला असेल तर पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये मोठी ठिणगी उडताना दिसते आणि पॉइंटची तोंडं काळी पडून खड्डे पडतात. ते आत्ता थंड असतानाच बघून घ्या, गॅपही मोजा, साधारण ०.३ ते ०.४ मिमी असतो.

जुनंलोखंड

वरच्या दादांनी करंटचं सांगितलंच, मी पेट्रोलचं सांगतो.

टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं, आतलं पेट्रोल कमी होईल तशी बाहेरची हवा तिथून आत जाते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते भोक गंज आणि धुळीने बुजतं. मग टाकीत व्हॅक्युम तयार होतो आणि पेट्रोल खाली यायचं बंद होतं. दहा-पंधरा मिनिटं चालते, बंद पडते, थोडा वेळ उभी राहिली की इकडून तिकडून हवा शिरते आणि परत चालू. सगळ्यांना वाटतं इंजिन गरम झालं म्हणून बंद पडली, पण गरमपणाचा त्यात काही संबंधच नसतो!

बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. सुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर तेच. आणि कार्बुरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटलीत पेट्रोल घ्या, कॉक चालू ठेवून. धार सलग राहिली पाहिजे. आधी भसकन येऊन मग थेंब थेंब झालं तर वरून पुरवठा कमी आहे. गरम सायलेन्सरवर एक थेंब पडू देऊ नका, बाटली आणि फडकं आधी धरा मगच स्क्रूला हात लावा.

आणि जेट साफ करताना तार घातली नाही ना? आयडलचं पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, पितळ मऊ, स्टीलच्या तारेने ते मोठं होतं किंवा त्यावर ओरखडे पडतात आणि मग आयडल कधीच नीट बसत नाही. स्प्रे आणि हवा, तेवढंच वापरायचं, फार तर नायलॉनचा बारीक धागा. नवीन पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचा आहे ना तेही बघा, जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फुगतं, आतून सुटतं आणि त्याचेच तुकडे फ्लोटच्या सुईखाली जाऊन बसतात.

चारचाकी_घरच्याघरी

मी जुन्या कारवाला, पण सेम लक्षण आमच्याकडेही येतं म्हणून लिहितोय. कार्बुरेटरवाल्या कारमध्ये पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, बॉनेटखाली उष्णता कोंडली की पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. बाईकला टाकी वर असल्याने पेट्रोल आपोआप खाली येतं, शिवाय इंजिन उघड्यावर असतं, त्यामुळे तुमच्याकडे ती शक्यता फारच कमी, पण पाइप सिलिंडरच्या फिन्सना चिकटून जात नाही ना एवढं बघून ठेवा.

एक सगळ्यांसाठी सांगतो आणि हे मी प्रत्येक वेळी सांगणार. शटर लावून आत इंजिन चालू ठेवून आयडल सेट करत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोकं जड व्हायला लागलं हे कळेपर्यंत उठायची ताकद गेलेली असते. आणि एअरकूल्ड गाडी एका जागी उभी ठेवून बराच वेळ रेस करायची असेल तर समोर मोठा पंखा लावा, तिला वारा लागल्याशिवाय गार राहता येत नाही.

किकवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. जसं सांगितलंत तसंच केलं, गाडी बंद पडली त्याच जागी थांबून तपासलं.

ठिणगी मस्त, निळी, कडक. पॉइंटची तोंडं साफ आहेत, गॅप ०.३५. झाकण उघडलं तर कसलाच आवाज नाही. ड्रेन स्क्रूमधून धार सलग, बाटली भरेपर्यंत कमी झाली नाही. जेटमध्ये तार घातलेली नाही, पाइप इथेनॉलवालाच आहे आणि फिन्सपासून लांब आहे.

म्हणजे करंट आहे, पेट्रोल आहे, तरी चालू होत नाही. पण एक गोष्ट या वेळी जाणवली, आधी लक्षच गेलं नव्हतं. थंड असताना किक दाबली की एका जागी पायाखाली चांगला दाब लागतो, अक्षरशः उभं राहावं लागतं तिच्यावर. बंद पडल्यावर मात्र किक सरळ खाली जाते, मध्ये तो अडकल्यासारखा दाब जवळजवळ नाहीच. घरी येऊन थंड झाल्यावर परत बघितलं तर दाब आला होता. पिस्टन रिंग गेल्या का? इंजिन खोलावं लागणार का आता?

टॅपेट_झिरो

थांबा, इंजिन खोलू नका! तुम्ही जे किकचं लिहिलंय ना त्यात सगळं आलं. रिंग खराब असतील तर थंड असतानाही कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी असतं, बरेचदा थंड असतानाच जास्त कमी, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर, ऑइल कमी होणं हेही सोबत येतं. थंड असताना भरपूर दाब आणि गरम झाल्यावर गायब म्हणजे बहुतेक व्हॉल्व्ह (गॅस आत-बाहेर सोडणारी झडप) पूर्ण बसत नाहीये, आणि त्याचं पहिलं कारण टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, संपलेला असणं.

होतं काय की इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होते, विशेषतः एक्झॉस्टची, कारण तिच्याभोवतीच जळालेला गॅस जातो. त्यासाठीच रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये केसाएवढी जागा सोडलेली असते. ती जागा नसेल तर दांडी लांब झाल्यावर रॉकर तिला दाबूनच धरतो, व्हॉल्व्ह सीटवर (त्याची घट्ट बसायची कड) टेकत नाही, कॉम्प्रेशन तिथून निसटतं. जोरात फिरताना निसटायला वेळच कमी मिळतो म्हणून रेसवर गाडी चालत राहते, आयडलला इंजिन सावकाश फिरतं आणि तिथे बंद पडते. तुमचं लक्षण हुबेहूब हेच आहे.

आता करायचं कसं. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी असेल तर उत्तम. प्लग काढा म्हणजे फिरवायला हलकं जाईल. मॅग्नेटच्या बाजूच्या झाकणावरच्या दोन खिडक्या उघडा, मधल्या नटाला पाना लावून इंजिन ज्या दिशेला चालतं त्याच दिशेला फिरवा आणि T ची खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) बाहेरच्या खुणेसमोर आणा. इथे घाई करू नका, कारण ही खूण दोन वेळा येते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. इनटेकचा रॉकर खाली दबून परत वर आल्यानंतर जी T येते ती आपली. प्लगच्या भोकावर अंगठा धरला तर त्या वेळी हवा बाहेर ढकलल्याचं जाणवतं. खात्रीसाठी दोन्ही रॉकर हाताने हलवून बघा, दोन्हींना किंचित खेळ हवा. तुमच्या केसमध्ये एक्झॉस्टला खेळ नसेल असा माझा अंदाज आहे, म्हणून फक्त खेळावरून ठरवू नका, इनटेकच्या हालचालीवरूनच ठरवा.

मग फीलर गेजचं पातं रॉकरच्या टोकाखाली सरकवा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा, लहान एअरकूल्ड इंजिनांत साधारण ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असतो पण आपल्या गाडीचा तोच खरा. लॉकनट सैल करा, मधला स्क्रू फिरवून असा बसवा की पातं सरकताना कागद ओढल्यासारखं किंचित अडेल, आणि स्क्रू तसाच धरून लॉकनट आवळा. आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर परत पातं घालून बघायचंच, आणि इंजिन दोन फेरे फिरवून T वर आणून पुन्हा एकदा. लॉकनटवर जोर काढू नका, तिथले आटे गेले तर रॉकरच बदलावा लागतो.

आणि कोणी सांगितलं की टॅपेटचा आवाज येतो तर टाइट कर, तर ऐकू नका. थोडा खडखड आवाज करणारा टॅपेट निदान कळतो तरी. टाइट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकलेला असतानाच बाहेर देतो, टेकलाच नाही तर उष्णता कडेलाच साचते.

पॉइंट_कंडेन्सर

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, एकदम बरोबर. गॅप बसवूनही दाब जात राहिला तर अंदाजाने हेड काढू नका, प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून थोडी किक फिरवा. दाब वाढला तर गळती रिंगमधून, कारण ऑइल तिथली फट भरतं. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह. तेव्हाही तपासायचं ते गाडी गरम असतानाच, हात सांभाळून.

किकवाली

सापडलं!! एक्झॉस्टच्या रॉकरला खेळ शून्य. माझ्याकडचं सगळ्यात पातळ पातं ०.०४ चं आहे, तेसुद्धा आत जाईना. इनटेकला गॅप होता, मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा किंचित कमी. दोन्ही मॅन्युअलप्रमाणे बसवले, दोनदा परत मोजले. काल चढावर, उन्हात, चांगली तापेपर्यंत फिरवून आणली, मध्ये मुद्दाम थांबून थ्रॉटल सोडला, आयडल हललं नाही. बंद करून लगेच किक मारली, पहिल्या किकला चालू, आणि पायाखाली तो दाब होता!! पैसे शून्य, एकही पार्ट बदलला नाही. टॅपेट_झिरो दादा, तुमचे विशेष आभार.

आता शेवटचं विचारते. गॅप कमी झालाच कसा? झिजून तर तो वाढायला हवा ना?

टॅपेट_झिरो

वा, मस्त वाटलं वाचून! रॉकरचं टोक आणि कॅम झिजला तर गॅप वाढतो आणि आवाज येतो, ते बरोबर. पण व्हॉल्व्हचं तोंड आणि सीट झिजली तर व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आत रुतत जातो, त्याची दांडी वर रॉकरकडे सरकते आणि गॅप कमी होतो. एक्झॉस्टला हे जास्त होतं. किंवा गाडी उभी राहण्याआधीच कोणीतरी आवाज घालवायला टाइट केला असेल, हेही बऱ्याचदा दिसतं.

म्हणून ५०० किलोमीटर झाले की परत मोजा, थंड इंजिनवर, आणि आकडा वहीत लिहून ठेवा. तेवढाच राहिला तर पुढे नेहमीच्या सर्व्हिसला बघितला तरी चालेल. एवढ्याशा अंतरात पुन्हा कमी झाला तर मात्र सीट आणि व्हॉल्व्ह संपलाय, हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅप करून (पेस्ट लावून सीटवर घासून) घ्यावा लागेल किंवा बदलावा लागेल, ते काम तेव्हा इथे विचारा, घरी होण्यासारखं आहे, फक्त व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचं क्लॅम्प लागतं.

आणि टॅपेटच्या झाकणांचे ओ-रिंग जुनेच परत लावले असतील तर कडक झालेले असणार, फिन्सवर ऑइलचे ओघळ दिसले की तेवढे नवीन टाका.