शिडाच्या कयाकसाठी आधी काय घ्यावे?
नव्या कयाकसाठी (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) आधी बाजूचे तरंगक, म्हणजे होडीच्या बाजूंना जोडायचे तरंगते आधार, घ्यावेत की मोठे शीड, या प्रश्नात एक मुद्दा जोडावासा वाटतो. तरंगकांमुळे कयाक सहजासहजी उलटत नाही हे खरे. मात्र ती पूर्ण उलटलीच, तर तेच तरंगक तिला उलट्या स्थितीतही स्थिर धरतात आणि एकट्याने सरळ करणे फार अवघड होते. म्हणून पहिला खर्च वल्हवताना खांद्याला न अडणाऱ्या लाइफ जॅकेटवर आणि पाणी उपसण्याच्या हातपंपावर व्हावा, असे माझे ठाम मत आहे. शिडाची दोरी गाठ मारून कधीही बांधू नये. एका झटक्यात सुटणारा कॅम क्लीट (दोरी दातेरी जबड्यात पकडून ठेवणारा चाप) हाताशी बसवावा, कारण वाऱ्याचा झोत अचानक आला की दोरी तत्काळ सैल सोडावी लागते. गुंतलेली दोरी कापण्यासाठी जॅकेटलाच छोटा सुरा अडकवलेला असावा. मोठ्या शिडाचा विचार त्यानंतर करावा.