इंग्लिश शब्द तोडायचा नेमका कुठे?

सिडकोची आई: मुलगा चौथीत, मराठी मीडियम, स्पेलिंग नुसती घोकतो आणि सकाळी पाटी कोरी, काल वेन्सडे मधला डी गाळला. सिलॅबल, म्हणजे शब्दाचे बोलण्यातले तुकडे, पाडून शिकवा म्हणतात, पण कसे पाडायचे?

पंचवटीकर: ताई, हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायला लावा, जितक्यांदा हनुवटी खाली जाईल साधारण तितके सिलॅबल. बनाना ला तीनदा जाते. केक मधला शेवटचा ई आपण बोलत नाही म्हणून तिथे एकच.

गंगापूर रोड: दोन स्वरांमध्ये दोन व्यंजनं आली की बहुतेकदा मधोमध तोडा. डिनर मध्ये डबल एन, म्हणून डिन-नर, पहिला तुकडा एन वर बंद होतो आणि आय आखूड राहतो, एक एन काढला की आय मोकळा सुटतो आणि शब्द डायनर होतो, स्पेलिंगमध्ये डबल अक्षर का येतं ते इथेच कळतं. मी मुलीच्या वहीत पेन्सिलने रेघ मारूनच दाखवलं. फक्त फादर मधला टी-एच फोडू नका, तो एकच आवाज आहे.

पंचवटीकर: आणि वेन्सडे बोलायला दोनच तुकडे, लिहिताना मात्र मनात वेड-नेस-डे म्हणायचं.

सिडकोची आई: आत्ताच करून घेतलं, डी बरोबर आला!! उद्या सॅटरडे घेते.