प्रतिसाद: तीन मणक्यांवरून नवी प्रजाती?

वर एकाने विचारलंय की नामशेष सॅलमँडरचे (सरड्यासारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर) चार-दोन मणके सापडले की लगेच नवी प्रजाती कशी जाहीर करतात, हा अंदाजपंचे कारभार नाही का? शंका रास्त आहे.

आमच्या गोव्यातल्या सत्तरीत पावसाळ्यात कुळागरात (पोफळीच्या बागेत) माती उकरताना देवगांडूळ सापडतं. तेही सॅलमँडरसारखं उभयचरच, पण बिनपायांचं. 'गेजेनिओफिस गोवाएन्सिस' ही त्यातलीच एक प्रजाती, २००७ साली नोंदवलेली. जिवंत प्राणी हाती असला की अंगावरची वलयं मोजता येतात. जीवाश्मात कातडी बहुधा उरतच नाही, मग मदार हाडांवर. त्यातही सॅलमँडरचा पहिला मणका भलता बोलका. त्याच्या पुढच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, तो कवटीत बसतो. शिवाय मज्जातंतू मणक्यातल्या छिद्रातून निघतात की दोन मणक्यांमधून, यावरून कुळाचा माग लागतो. बरगडी नुसती सापडली तर मात्र कोणी शहाणा नाव द्यायला धजणार नाही.

फसगत होते, नाही असं नाही. १७२६ मध्ये स्विस डॉक्टर शॉइख्झर यांनी असाच दगडातला एक सांगाडा प्रलयात बुडालेल्या माणसाचा म्हणून छापला! १८११ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी नेदरलँड्समधल्या हार्लेमला त्याच दगडातून पुढचे पाय कोरून काढले, तेव्हा तो महाकाय सॅलमँडर ठरला. तो दगड तिथल्या टायलर्स म्युझियममध्ये आहे. नमुना जपून ठेवला होता म्हणूनच फेरतपासणी झाली. आजही नव्या प्रजातीचा मूळ नमुना क्रमांक देऊन संग्रहालयात ठेवतात, ज्याला पटत नसेल त्याने जाऊन पाहावं.